राणीमाप

पुष्कळ मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की त्या राजाचं नाव आता कुणाच्या ध्यानात नाही.

नदीच्या वळणावर त्याची राजधानी होती. मधोमध राजवाडा, भोवती बाजार आणि बाजाराला लागून कासारआळी. त्या आळीत गोजरा नावाची कासारीण राहायची. घरात ती आणि तिची लग्नाला आलेली लेक ठकू, दोघीच. बांगड्या भरण्यात गोजराचा हात फार हलका. कितीही आखडलेला पंजा असो, गोजरा इकडचं तिकडचं बोलत राहायची आणि बांगडी मनगटात कधी गेली ते जिची तिलाही कळायचं नाही. म्हणून राणीवशात बांगड्या भरायचा मान तिच्याकडे होता.

राजवाड्यात जाणारे येणारे पुष्कळ होते. भोई होते, माळी होते, पखालवाले होते. पण ते तोंड मिटून जायचे आणि मिटूनच परत यायचे. गोजराला काही ते जमायचं नाही. राजवाड्यातून आली, पाय धुतले, की ती ओट्यावर बसायची आणि आळीतल्या बाया हातातलं काम टाकून तिच्याभोवती जमायच्या.

"काय गं गोजरे, आज काय पाहिलंस?"

मग काय विचारता! गोजरा पदर सावरायची आणि सुरू करायची.

"अगं, महाराजांकडे पाठ फिरवायची नाही ना, म्हणून सगळे उलट्या पावली दरबारातून बाहेर येतात. तो म्हातारा प्रधान सारखा खांबावर आपटायचा. आता खांबांना कापसाच्या गाद्या बांधल्यात गाद्या!"

बाया हसायच्या. शिंपीण म्हणायची, "खोटं!"

"खोटं कशाला सांगू? आणि ऐक, महाराज जेवायला बसले की आधी पिंजऱ्यातला चकोर आणतात. अन्नात विष असलं तर चकोराचे डोळे पांढरे पडतात म्हणे. त्यानं ताट नीट निरखलं, मग चाखणारे चाखतात, मग महाराज जेवतात."

"तोवर भाजी निवून जात असेल की गं!"

"राजाच तो. त्याला गार भाजीच गोड लागत असेल."

असं चालायचं. राजवाड्यातली प्रत्येक गोष्ट जगावेगळी, आणि जितकी जगावेगळी तितकी ऐकायला गोड. गोजरा काही वाईट बाई नव्हती. कुणाकडे पोर आजारी पडलं तर पहिली ती धावायची. पण राजवाड्याचं तसं नव्हतं. तिथं पाहायचं, नवल करायचं आणि घरी येऊन सांगायचं, एवढंच तिला ठाऊक.

एका वर्षी राजाचं लग्न झालं. दूरच्या डोंगराकडच्या एका लहानशा सरदाराची मुलगी राणी होऊन आली. लग्नाचा चुडा गोजरानंच भरला. पण राणीचं तोंड काही तिनं पाहिलं नाही. तशी चालच होती. मध्ये जाड पडदा, पडद्याला एक चीर. त्या चिरेतून राणी हात बाहेर काढायची. पडद्याच्या कडेला थोरली दासी उभी. बाहेरच्या माणसानं राणीशी बोलायचं नाही. बोलायचं ते दासीशी.

"दासीबाई, राणीसाहेबांना सांगा, हात जरा सैल सोडा."

दासी पडद्याकडे वळून म्हणायची, "राणीसाहेब, कासारीण अर्ज करते, हात सैल सोडावा."

आतून बारीक आवाज यायचा, "सोडला म्हणावं."

दासी गोजराकडे वळायची. "सोडला म्हणतात."

हातभर अंतरावर तिघी जणी, आणि बोलणं असं फिरून जायचं! गोजरानं ओट्यावर ही नक्कल करून दाखवली तेव्हा बायांची हसून हसून पुरेवाट झाली.

त्या पहिल्या दिवशी राणीचा हात कसा होता म्हणता? भरलेला, उबदार, डोंगराकडच्या पोरीचा असतो तसा. बांगड्या भरून झाल्यावर कासाराला नमस्कार करतात ना, तसा त्या हातानं गोजराच्या पायाकडे वाकून पटकन नमस्कारही केला. दासी म्हणाली, "असू दे असू दे, राजघराण्यात वाकत नाहीत." हात झटकन आत गेला.

सण येत गेले. दर सणाला गोजरा नव्या बांगड्या घेऊन जायची. संक्रांतीला पहिलं माप सैल झालं. तिनं बारीक माप काढलं. होळीला तेही सैल झालं. पाडव्याला तर तिनं कुमारिकांसाठी आणलेल्या बांगड्या चाचपून पाहिल्या आणि त्या राणीच्या हातात सर्रकन गेल्या. पंजा आवळावा लागला नाही, की काही नाही.

गोजरा घरी आली ती पळतच.

"बायांनो, ऐका! आपल्या राणीसाहेबांना लहान पोरींच्या बांगड्या होतात! हात कसा, तर केळीच्या कोंबासारखा. पांढराशुभ्र. शिरासुद्धा दिसतात निळ्या निळ्या."

"अगं बाई!" शिंपीण म्हणाली. "इतकी नाजूक?"

"नाजूक म्हणजे काय! आणि खाणं कसं, ते दासीनं सांगितलं. ताटात बोटभर सोन्याच्या वाट्या. प्रत्येकीत घासभर पदार्थ. तेवढं खातात आणि पाण्याचा हात लावून उठतात. दुसऱ्यांदा म्हणून काही घेत नाहीत."

"राणीच ती. तिला काय आपल्यासारख्या चार भाकऱ्या लागतात?" कुंभारीण आपल्या दंडाकडे पाहत म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

पण त्या हसण्यात काहीतरी रुजलं.

आठवडाभरात तालेवारांच्या मुली कासारआळीत येऊन राणीचं माप मागायला लागल्या. गोजरानं त्या मापाच्या बांगड्या मांडल्या आणि त्यांना नाव पडलं राणीमाप. पोरी रिठ्याच्या पाण्यात हात भिजवायच्या, पंजा दाबून धरायच्या, कळवळायच्या. हात सोलवटले तरी हटायच्या नाहीत. "माझ्या मुलीला राणीमाप होतं," असं आया एकमेकींना सांगायला लागल्या. मुलगी बघायला आलेले पाहुणे मनगटाकडे आधी बघायचे. मग ज्यांना ते माप होत नव्हतं त्या पोरी ताटावरून लवकर उठायला लागल्या. साऱ्या राजधानीत भाकऱ्या उरायला लागल्या. आया कौतुकानं म्हणायच्या, "अगदी राणीसारखी जेवते हो!"

गोजराची ठकू तरी कशी मागे राहील? कासाराची लेक, आणि तिच्याच हातात मोठ्या मापाच्या बांगड्या! सकाळची भाकरी ती गाईला घालायची. दुपारी म्हणायची, भूक नाही. गोजरा दिवसभर बांगड्यांत आणि बोलण्यात. तिच्या लक्षातच आलं नाही. उलट ठकूला राणीमाप झालं तेव्हा तिनं लेकीच्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शोभतेस गं!"

ज्येष्ठातली गोष्ट. ठकू पाण्याला गेली होती. घटकाभरानं कुंभारीण धापा टाकत आली. "गोजरे, धाव! ठकू विहिरीच्या काठावर पडली. बरं झालं, आत नाही गेली!"

गोजरा अनवाणी धावली. ठकू दगडावर निपचित पडलेली. घागर फुटलेली, चार बाया भोवती वारा घालताहेत. गोजरानं तिचा हात हातात घेतला.

आणि ती तशीच थांबली.

हात गार होता. त्यावरच्या निळ्या शिरा वर आलेल्या. आणि हात उचलल्याबरोबर बांगड्या खळ्ळकन घसरून कोपरापर्यंत गेल्या. हा हात तिच्या ओळखीचा होता. अगदी असाच हात तिनं पाडव्याला धरला होता. पडद्याच्या चिरेतून आलेला.

ठकूनं डोळे उघडले.

"काय खाल्लंस सकाळपासून?" गोजरानं विचारलं.

 ठकू नुसती रडायला लागली.

गोजरानं तिला घरी नेलं, मांडीवर डोकं घेतलं, कोमट दूध पाजलं, मऊ भात कालवून घास घास भरवला. पोरगी "पुरे" म्हणाली की ही म्हणायची, "आणखी एक, माझ्यासाठी." असं करत करत वाटी संपली. ठकू झोपली. गोजरा मात्र तिथंच भिंतीला टेकून बसून राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट सारखी घोळत होती. माझी लेक नाजूक झाली नव्हती, ती उपाशी होती. मग ती दुसरी? तिला कोण भरवतंय? आणि मी गावभर काय सांगत सुटले होते?

नागपंचमी दोन दिवसांवर आली. बांगड्यांचा दिवस. गोजरानं बांगड्यांची माळ खांद्यावर टाकली आणि आपल्या दुपारच्या भाकरीचं फडकं कमरेला नीट खोचलं. ठकू म्हणाली, "आई, आज चेहरा असा का गं तुझा?"

"काही नाही. जाऊन येते."

काही नाही कसं? राणीशी थेट बोलणाऱ्याला राजवाड्याचं दार कायमचं बंद, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. आणि राजवाड्याचं दार बंद झालेल्या कासारणीला तालेवारांच्या घरातही कोण उभं करणार?

पडदा तसाच होता. थोरली दासी तशीच उभी होती. चिरेतून हात आला. गोजरानं तो धरला. पाडव्याला होतं तेवढंही मांस त्यावर उरलं नव्हतं. आता राणीमापही त्या मनगटात फिरत होतं.

गोजरानं बांगड्या खाली ठेवल्या. दासीकडे तिनं पाहिलंच नाही. पडद्याकडे तोंड केलं आणि आळीतल्या कुठल्याही पोरीला विचारावं तसं विचारलं,

"जेवलीस का गं बाई?"

दासीच्या हातातलं तबक खाली पडलं. "कासारीणबाई! कुणाशी बोलताय?"

 पडद्यामागून हुंदका आला. पोरगी रडत होती.

"हे बघ, रडू नको," गोजरा म्हणाली. तिनं कमरेचं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, वर ठेचा आणि कांदा. एक तुकडा मोडून तिनं आधी स्वतःच्या तोंडात घातला आणि मग दुसरा त्या हातावर ठेवला. "घे. खा."

हात आत गेला. थोड्या वेळानं रिकामा परत आला.

"आणखी घे."

"नको, पुरे." आतून आवाज.

सासरी आलेल्या पोरीचं "पुरे" म्हणजे काय, ते कुठल्या बाईला सांगायला हवं? गोजरा म्हणाली, "पुरे काय पुरे! एवढ्यानं चिमणीचं तरी पोट भरेल का? घे म्हणते ना. आईनं केलेली समज."

असं म्हणत म्हणत सबंध भाकरी संपली. ठेचाही संपला. दासी "अहो! अहो!" करत राहिली आणि पहारेकरी धावत आले.

गोजराला राजापुढं उभं केलं. दरबार भरलेला. राजा वयानं तसा तरुणच होता.

"तू राणीसाहेबांशी थेट बोललीस?"

"बोलले, महाराज."

"काय बोललीस?"

"जेवलीस का, असं विचारलं."

"एवढंच?"

"नाही. भाकरी पण दिली."

दरबारात कुजबुज झाली. राजानं भुवया चढवल्या. "चकोराला न दाखवता?"

"माझ्याकडे चकोर कुठला, महाराज? मीच आधी तुकडा खाल्ला."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. राजा हसला नाही. "आमच्या मुदपाकखान्यात रोज पंचपक्वान्नं शिजतात. आणि राणी उपाशी, असं तुझं म्हणणं?"

"मी काय म्हणणार, महाराज? आपण हात बघा त्यांचा. नुसता हात."

राजानं थोरल्या दासीला बोलावलं. "राणीसाहेबांना ताट जात नाही?"

"जातं, महाराज. रोज जातं."

"मग?"

"बोटभर वाट्यांत वाढतो, रीतीप्रमाणं. त्या तेवढं घेतात आणि उठतात."

"आणखी मागत नाहीत?"

"कधीच नाही."

"आणि तुम्ही देत नाही?"

दासी गोंधळली. "मागितल्याशिवाय कसं देणार? राजघराण्याला 'घ्या' म्हणायचं नाही, तो हुकूम होतो. आम्ही कोण सरकारांना हुकूम करणार? आम्हाला वाटलं, राणीसाहेबांच्या माहेरी इतकंच जेवण्याची चाल असेल."

राजा उठला. सगळा दरबार उलट्या पावली मागं सरला. तो सरळ राणीवशाकडे गेला. त्याचं जेवण पुरुषांच्या दालनात, राणीचं तिकडे, त्यामुळं ती काय जेवते, कशी जेवते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

तिथं राणी त्याला म्हणाली, "आईनं सांगून पाठवलं होतं, सासरी मागून खाऊ नकोस. आग्रह करतील तेव्हा घे. मी वाट पाहिली. कुणी आग्रह केला नाही. मला वाटलं, राजवाड्यात इतकंच जेवायची चाल असेल."

बघा, म्हणजे काय झालं! राणीला वाटलं ही वाड्याची रीत, वाड्याला वाटलं ही राणीची रीत. दोन्हीकडची माणसं शहाणी, दोन्हीकडची रीत चांगली, आणि मधल्यामध्ये एक पोर भरल्या घरात वाळत चालली होती.

 राजाच्या मनात आलं, आपली आई गेल्यापासून आपल्यालाही कुणी "आणखी एक घास घे" असं म्हटलेलं नाही. आपल्याला ते इतकं सवयीचं झालंय, की ते उणं आहे हेसुद्धा कळलं नाही.

त्यानं ताट मागवलं. चकोराला बाहेर ठेवायला सांगितलं. आणि स्वतः हातात वाढणी घेतली. पण आग्रह कसा करायचा ते त्याला येतच नव्हतं. तो ताठ बसून म्हणाला, "राणीसाहेब, आणखी एक पोळी घ्यावी असा आमचा हुकूम आहे."

राणीला हसू आलं. लग्नानंतर पहिल्यांदा. तिनं पोळी घेतली आणि म्हणाली, "आता आपण पण घ्या."

दुपार कलल्यावर राजानं गोजराला पुन्हा बोलावलं.

"तू केलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "उद्यापासून हा नियम राहणार नाही. राजघराण्यातल्या माणसाला कुणीही विचारावं, कुणीही वाढावं. पण तू नियम मोडलास तेव्हा तो होता, आणि मोडतेस हे तुला माहीत होतं. आज तो मी नाही पाळला, तर उद्या माझा कुठलाच नियम कुणी पाळणार नाही. तुला राजवाड्याचं दार बंद."

"बरं, महाराज," गोजरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नाही कसं येणार? तिनं माळ उचलली आणि ती निघाली. निघताना मात्र ती राजाकडे पाठ करून, सरळ चालत गेली, आणि कुणी तिला अडवलं नाही.

आळीत बाया वाट बघत होत्या. "काय झालं गं? काय पाहिलंस?"

गोजरानं सगळं सांगितलं. या खेपेला कुणी हसलं नाही. शिंपीण उठली आणि घरी गेली. मागोमाग कुंभारीण गेली. मग एकेक करत सगळ्याच गेल्या. त्या दिवशी साऱ्या आळीत चुली लवकर पेटल्या, आणि घराघरांतून एकच आवाज ऐकू येत होता, "घे गं, आणखी थोडं घे. नाही कशी म्हणतेस?"

पुढं राजवाड्याचा मान आळीतल्याच दुसऱ्या एका कासारणीला मिळाला. दिवाळी आली तेव्हा ती गोजराकडे आली. "मावशी, राणीसाहेबांचं माप तुम्हालाच ठाऊक. सांगा ना, कुठलं नेऊ?"

गोजरानं पुष्कळ विचार केला. तिच्या हातात अजून तोच गार, हलका हात होता. तिनं राणीमापाची एक माळ दिली, जरा मोठ्या मापाची दुसरी दिली आणि दिवसभर दारात बसून राहिली. ठकू म्हणाली, "आई, जेवून घे." ती म्हणाली, "थांब जरा."

उन्हं कलल्यावर ती कासारीण परत आली. दोन्ही माळा तशाच्या तशा खांद्यावर. चेहरा पडलेला.

"काय केलंत मावशी! किती फजिती झाली माझी. राणीमापाच्या तर बोटांच्या पेरांपुढं जाईनात. मोठ्या मापाच्या पण अंगठ्यापाशी अडल्या. जोर करून भरायला गेले तर दोन पिचता पिचता राहिल्या माझ्या हातून. हात कसला भरलाय त्यांचा! आता उद्या पुन्हा जायचं, सगळ्यात मोठं माप घेऊन."

गोजरानं त्या दोन्ही माळा मांडीवर घेतल्या. "परत आल्या?" तिनं विचारलं.

"तेच तर सांगतेय, सगळ्या परत आल्या!"

"सगळ्या परत आल्या," गोजरा म्हणाली, आणि अशी खुदकन हसली, की समोरची कासारीण बघतच राहिली. मग तिनं ठकूला हाक मारली आणि पान वाढायला सांगितलं.

बोध एवढाच: दुसऱ्याच्या घरातलं काही जगावेगळं दिसलं, तर त्याचं नवल गावभर सांगण्याआधी त्या घरातल्या माणसाला "बरा आहेस ना?" असं एकदा विचारावं.